तपकिरी मेदातील उबेचे मोजमाप

थंडीत शरीर कुडकुडते ते स्नायूंच्या द्वारे ऊब मिळविण्यासाठी होय. परंतु उंदीर, नवजात अर्भक इत्यादींच्या अंगी न कुडकुडता ऊब निर्माण करणारे एक ऊतक असते. त्यास तपकिरी मेद म्हणतात. त्याच्या पेशींतील तंतुकणिका अन्नातील ऊर्जा साठविण्याऐवजी तिची उष्णता करून टाकू शकतात. हे कार्य ज्या प्रथिनामुळे घडते, ते ‘यूसीपी-१’ होय. १९७८ साली डेव्हिड निकोल्स व त्यांचे सहकारी यांनी ते ओळखले. त्याचा रेणुभार सुमारे ३२,००० आहे.

हे प्रथिन मोजावे कसे? ऊतक वाटून त्यातील प्रथिने विजेच्या साहाय्याने आकारमानानुसार वेगळी करतात. मग केवळ यूसीपी-१ लाच चिकटणारे प्रतिपिंड वापरून त्याचा पट्टा ओळखतात. पट्टा जितका गडद, तितके प्रथिन अधिक.

परंतु येथे फसगत संभवते. थंडीत मेदाचे थेंब जळून ऊतक हलके होते आणि दर ग्रॅममागे प्रथिन वाढलेले दिसते. कढी आटली की खारट लागते. म्हणून काही तीतील मीठ वाढलेले नसते. यास्तव संपूर्ण मेदपिंडातील एकूण प्रथिन काढणे अगत्याचे ठरते. शिवाय जनुकाचा निरोप नेणारे आरएनए काही तासांतच वाढते. प्रथिन साचण्यास मात्र कित्येक दिवस लागतात.

प्रौढ माणसांतही तपकिरी मेद कार्यरत असतो, हे २००९ साली स्पष्ट झाले आणि लठ्ठपणावरील औषधांच्या शोधास नवी दिशा मिळाली. अशा वेळी माप चुकले, तर निरुपयोगी औषधही गुणकारी भासेल.