भुलीतली खोल शिथिलता: शून्याच्या खाली मोजायचं कसं?

संशोधनाची तयारी करत असाल तर हा प्रश्न बघा. यंत्र शून्य दाखवतंय, पण प्रत्यक्षातली स्थिती अजून बदलतेय. अशा वेळी काय मोजाल?

दुर्बिणीतून पोटाची शस्त्रक्रिया करताना पूर्ण भूल देतात आणि रोक्युरोनियमसारख्या औषधाने स्नायू सैल करतात. शेवटी या औषधाचा अंमल उरला, तर श्वासनळीतली नळी काढल्यावर रुग्णाला धड श्वास घेता येत नाही. म्हणून मोजायचं.

नेहमीची पद्धत म्हणजे 'ट्रेन ऑफ फोर'. मनगटाजवळ अल्नार नर्व्हला अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने चार सौम्य विद्युत झटके देतात आणि अंगठा किती वेळा हलतो ते बघतात. चौथ्या हालचालीचं पहिलीशी गुणोत्तर किमान ०.९ झाल्यावरच नळी काढावी. हा फरक नुसत्या डोळ्यांना किंवा बोटांना नीट कळत नाही, त्यासाठी आकडा देणारं यंत्र लागतं.

खोल शिथिलतेत मात्र अंगठा एकदाही हलत नाही. मग सगळे 'शून्य' सारखेच का? नाही. १९८१ मध्ये डेन्मार्कच्या व्हिबी-मोगेन्सन आणि सहकाऱ्यांनी यावर मार्ग मांडला. ५० हर्ट्झचा सलग झटका ५ सेकंद द्यायचा, ३ सेकंद थांबायचं, मग दर सेकंदाला एकेक झटका द्यायचा. सलग झटक्यामुळे चेतातंतूच्या टोकाकडून ॲसिटिलकोलीन काही काळ जास्त सुटतं आणि गप्प असलेला अंगठा हलतो. जितक्या वेळा हलला, तो 'पोस्ट टिटॅनिक काउंट'.

हा आकडा १-२ असेल तर निओस्टिग्मीन उपयोगाचं नाही. सुगामाडेक्स किलोमागे ४ मिलिग्रॅम लागतं. ट्रेन ऑफ फोरमध्ये अंगठा दोनदा हलू लागला असेल, तर २ मिलिग्रॅम पुरतं. म्हणजे 'शून्य'च्या आत काय दडलंय, यावर औषध आणि डोस ठरतो.

यात दोन खाचखळगे आहेत. एक, अंगठा म्हणजे श्वासपटल नव्हे. श्वासपटल या औषधाला जास्त दाद देत नाही, त्यामुळे अंगठा गप्प असतानाही रुग्ण खोकू शकतो. दोन, सलग झटका लगेच पुन्हा दिला तर मोजमापच बिघडतं, कारण मोजण्याने स्नायूचा प्रतिसादच बदलतो.

धाराशिवसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी प्रबंधासाठी हा विषय घेणार असाल, तर आधी तिथल्या ऑपरेशन थिएटरमध्ये कोणतं यंत्र आहे ते बघा. मग पद्धतीत स्नायू, नर्व्ह, यंत्र आणि दोन मोजमापांमधलं अंतर स्पष्ट लिहा. नुसतं 'शिथिलता मोजली' लिहिलंत, तर वाचणाऱ्याला काहीच कळणार नाही.