फिरत्या पिंपातले घरचे खत

ओला-सुका कचरा वेगळा ठेवणे २०१६ पासून बंधनकारक आहे. पण सोलापूरच्या उन्हात ओल्या कचऱ्याची बादली दुपारपर्यंतच वास मारू लागते! त्यावर उपाय फिरत्या पिंपाचा.

आडव्या दांड्यावर बसवलेल्या, भोके पाडलेल्या पिंपात वाटीभर देठं-सालं, चहाचा चोथा टाकला की दोन वाट्या वाळका पाला किंवा कडब्याचा चुरा घालावा. दोन-तीन दिवसांनी पाच-सहा वेळा फिरवावे. हवा खेळली की वास येत नाही. पिंप सावलीतच ठेवा हं!

मूठभर मिश्रण दाबून पाहावे. पाणी ठिबकले तर चुरा वाढवावा; कोरडे वाटले तर तांदळाचे धुवण शिंपडावे, म्हणजे नळाचे पाणी वाचते.

पिंप पाऊण भरले की नवी भर थांबवून नुसते फिरवत राहावे. दोन-तीन महिन्यांत मातीच्या वासाचे काळसर खत तयार! तुळशीच्या कुंडीला मूठभर पुरते.