वेगळा कप

गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलची गोष्ट आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात घरोघरी ठाऊक आहे. पाण्याला शिवले म्हणून त्यांना मार बसला. पुढे शाहू महाराजांच्या आधाराने त्यांनी चहाचे हॉटेल काढले. गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा पिऊ लागले.

ही गोष्ट मला गारगोटीजवळच्या एका गावी, आपल्याच नात्यातल्या घरी आठवली. सर्वांना चहा आला. घरच्या विधवा सुनेसाठी मात्र कान तुटलेला एक कप निराळा काढला गेला. तिचा नवरा एड्सने वारला होता. तिची स्वतःची तपासणी झाली होती व रक्तात दोष निघाला नव्हता. तरीही कप वेगळा! विटाळ म्हणजे काय हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या भोगून माहीत, त्यांच्याच घरात हे चालले होते. मीही मुकाट्याने चहा पिऊन उठलो, हे येथे कबूल केले पाहिजे.

एच.आय.व्ही. हा विषाणू असुरक्षित शरीरसंबंधातून, दूषित रक्तातून वा सुईतून आणि आईकडून बाळाला होतो. कपबशी, अंथरूण, हात मिळवणे, एका पंगतीत जेवणे यांतून होत नाही. 1 एप्रिल 2004 पासून सरकारी दवाखान्यांतून याची औषधे मोफत देण्यास सुरुवात झाली. ती नेमाने घेऊन रक्तातील विषाणू तपासणीत न दिसण्याइतका कमी झाला व तसाच राहिला, तर शरीरसंबंधातूनही तो जोडीदाराला लागत नाही. विद्यार्थी मित्रांनी एवढे तरी घरी वाचून दाखवावे.

पण भीती केवळ अडाणी माणसांची असते असे समजू नये. शेजारच्या गोव्यात ती कायद्याच्या पुस्तकातच होती. डॉमिनिक डिसोझा हा तरुण रक्तदान करीत असे. त्याच्या रक्तात विषाणू सापडला आणि फेब्रुवारी 1989 मध्ये पोलीस त्याला घेऊन गेले. म्हापशाला क्षयरोग्यांच्या जुन्या इमारतीत त्याला 64 दिवस कोंडून ठेवले. गुन्हा काय, तर रक्तदान! आई लुसी हायकोर्टात गेली. मुलगा सुटला, परंतु अशा माणसाला अलग ठेवण्याचा सरकारचा अधिकार कोर्टाने त्याच वर्षी ग्राह्य धरला. 1992 मध्ये डॉमिनिक वारला.

पुढे 1997 मध्ये त्याच मुंबई हायकोर्टाने वेगळा निकाल दिला. एका सरकारी महामंडळातील हंगामी कामगाराला केवळ या विषाणूमुळे कामावरून वगळले होते. अंगात काम करण्याची ताकद आहे आणि सोबत्यांना धोका नाही, तर नोकरी नाकारता येणार नाही, असे कोर्टाने ठरविले. त्या कामगाराचे नाव आजही कुणाला ठाऊक नाही. निकालपत्रात नुसती इंग्रजी अक्षरे आहेत, कारण नाव गुप्त ठेवण्याची मुभा कोर्टानेच दिली होती.

मला, एका बँक कारकुनाला, हे फार मोलाचे वाटते. एका खातेदाराची शिल्लक आम्ही दुसऱ्याला सांगितली तर नोकरीवर गदा येते. आणि माणसाच्या रक्ताचा अहवाल मात्र चावडीवर वाचला जातो!

2017 साली संसदेने याविषयी स्वतंत्र कायदा केला. तो 10 सप्टेंबर 2018 पासून अंमलात आहे. नोकरी, शाळा, दवाखाना, भाड्याचे घर, विमा यांत भेदभावाला त्याने बंदी केली. संमतीवाचून तपासणी नाही व बभ्राही नाही. कोर्टात नाव झाकण्याची सोयही त्यात आली. शंभर वा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमला पाहिजे आणि राज्याने लोकपाल नेमला पाहिजे. मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते घराविषयीचे कलम. बाधित व्यक्तीला, तसेच तिच्यासोबत राहिलेल्या माणसालाही, राहत्या घरातून किंवा घराच्या कोणत्याही भागातून बाहेर काढता येत नाही. घरातील सोयी इतरांप्रमाणेच वापरण्याचा हक्क आहे. म्हणजे त्या सुनेच्या कपापर्यंत हा कायदा पोहोचतो.

हे सारे मी पुढच्या खेपेला तिला समजावून सांगितले. तिने नीट ऐकून घेतले. मग म्हणाली, "मामा, त्यो कप आता मीच येगळा ठेवती. कायदा खरा हाय, पर ऱ्हायाचं ह्यांच्यातच हाय न्हवं?"