वास आला म्हणजे बिघडलं

10 जून 2019 ला अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरमध्ये शेतकरी संघटनेनं तणनाशक सोसणारी, परवानगी नसलेली एचटीबीटी सरकी उघडपणे पेरली. तेव्हापासून पऱ्हाटीच्या पानाची तपासणी म्हटली, की आमच्याकडे प्रश्न एकच : जीन आहे की नाही? पानाच्या रसात पट्टी बुडवायची, रेघ उमटली की चोरबीटी सापडली.

म्हणून वावरात आलेली प्रयोगशाळेतली मुलगी जेव्हा म्हणाली, "काका, जीन हाये हे तं मालूमच हाये, थो काम किती करते ते पाहा लागते," तेव्हा मी तिच्यामागं अकोल्याला गेलो.

पानं तिनं धुऱ्यावरच द्रवरूप नायट्रोजनच्या डब्यात टाकली होती. उणे 196 अंश. बीटीचा जीन आधी आरएनए नावाचा निरोप काढतो, त्यावरून अळीला मारणारं क्राय प्रथिन बनतं. हा निरोप भलताच नाजूक. आपल्या बोटांवरची विकरंसुद्धा त्याचे तुकडे पाडतात. हातमोजे घालून ती खलात नायट्रोजन ओतत होती, पांढऱ्या वाफेत बत्त्यानं पान कुटत होती. पान काचेसारखं तडकलं, मग त्याची पिठी झाली. इतकी पऱ्हाटी कुटली जातेय आणि तिचा उग्र वास कसा नाही, याचंच मला नवल. "वास आला म्हणजे वितळलं. मंग फेका लागते," ती म्हणाली आणि पुन्हा नायट्रोजन ओतला.

पुढं आरएनए वेगळा करणं, त्याची डीएनए प्रत काढणं, यंत्रात टाकणं. पडद्यावर रेघ जितक्या लवकर वर चढेल, तितके निरोप जास्त. प्रथिनाचं मोजमाप वेगळं, दुसऱ्या ताटलीत.

बोलता बोलता ती म्हणून गेली, "एकशे दहा दिवस." नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतल्या केशव क्रांती आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये मांडलेला हा आकडा. पेरणीनंतर 110 दिवसांच्या पुढं क्राय1एसी हे प्रथिन हिरव्या बोंडअळीला रोखण्यापुरतं उरत नाही. मृगात पेरलेल्या पऱ्हाटीचे 110 दिवस दसऱ्याच्या आसपास भरतात. वेचणी तेव्हा कुठं लागते आणि फरदड ठेवणारा तर संक्रांतीपर्यंत झाड उभं ठेवतो. गुलाबी अळीची गोष्ट आणखी वाईट. ती आजच्या बीटीत असलेल्या दोन्ही क्राय प्रथिनांना पचवायला शिकली, आणि 2017 साली विदर्भानं त्याची किंमत मोजली.

सरकीच्या पाकिटावर जीनचं नाव असतं, हे 110 दिवस मात्र कुणी छापत नाही. पकडापकडीची पट्टी जागोजागी पोचली, मोजमाप प्रयोगशाळेतच राहिलं, याचा मला राग येतो.

निघताना तिनं बजावलं, दसऱ्यानंतर याच झाडांचे नमुने पुन्हा घ्यायचे, आणि या वेळी बोंडंही. पानापेक्षा बोंडाच्या सालीत हे प्रथिन कमी असतं, आणि अळी तर बोंडातच शिरते.