खाऱ्या पाण्याच्या टाकीतला चुना

रत्नागिरीला झाडगाव येथे कोकण कृषी विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे. तेथील मत्स्यालय पाहून आलेल्या मुलांना आपल्या शाळेतही खाऱ्या पाण्याची टाकी हवीशी वाटते. मासे काही दिवस तगतात. पण कालवे, तिसऱ्या, शंख यांना कवच वाढवायला सतत चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट लागते. समुद्रात तो संपत नाही, शंभर लिटरच्या टाकीत मात्र संपतो. मग टाकीत काय घालावे?

टाकीत रिकामे शिंपले टाकावेत, असे पुष्कळांना वाटते. त्याचा उपयोग होत नाही. समुद्राच्या वरच्या थरातील पाणी कॅल्शियम कार्बोनेटने आधीच अतिसंपृक्त असते. सुमारे ८.२ सामूच्या अशा पाण्यात शिंपला विरघळत नाही.

कवच बनवायला प्राण्याला दोन गोष्टी लागतात: कॅल्शियम आणि बायकार्बोनेट. पाण्यातील बायकार्बोनेट व कार्बोनेट यांचा साठा अल्कता या मापाने मोजतात. अल्कता म्हणजे सामू नव्हे. आम्ल पचवण्याची पाण्याची ती क्षमता आहे. एक लिटर समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम सुमारे ४१० मिलिग्रॅम असते आणि अल्कता (कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात) सुमारे ११५ मिलिग्रॅम.

आता हिशेब पाहा. ५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटचे कवच बनताना २० मिलिग्रॅम कॅल्शियम खर्च होते आणि अल्कता ५०ने घटते. एका लिटरमागे एवढे कवच बनले, तर कॅल्शियम ४१०वरून ३९०वर येईल. घट जेमतेम ५ टक्के. अल्कता मात्र ११५वरून ६५वर येईल. घट ४३ टक्के! म्हणजे टंचाई आधी अल्कतेची होते. नुसते कॅल्शियमचे औषध ओतत राहणाऱ्याचे प्राणी म्हणूनच खंगतात.

अल्कता शाळेतही मोजता येते. टाकीतले ५० मिलिलिटर पाणी घ्या, मिथिल ऑरेंजचे दोन थेंब टाका आणि ब्युरेटमधून ०.०२ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल सोडा. पिवळा रंग नारिंगी होईपर्यंत जितके मिलिलिटर आम्ल लागेल, त्याला २०ने गुणा. चांगल्या समुद्राच्या पाण्याला पावणेसहा मिलिलिटरच्या आसपास आम्ल लागते.

भर घालण्याचे तीन मार्ग आहेत.

पहिला, पाणी बदलणे. थोडे प्राणी असलेल्या शाळेच्या टाकीला बहुधा एवढे पुरते. मात्र पावसाळ्यात भाट्याच्या खाडीसारख्या ठिकाणचे पाणी आणू नये. नदीच्या गोड्या पाण्याने त्याची क्षारता उतरलेली असते.

दुसरा, खाण्याचा सोडा आणि कॅल्शियम क्लोराइड. शंभर लिटर पाण्यात ८.४ ग्रॅम सोड्याने अल्कता ५०ने वाढते. सुमारे ७.४ ग्रॅम स्फटिकी (द्विजल) कॅल्शियम क्लोराइडने कॅल्शियम २०ने वाढते. दोन्ही वेगवेगळे विरघळवावे आणि काही तासांच्या अंतराने, थोडे थोडे घालावे. एकत्र केल्यास पांढरा साका बसतो आणि दोन्ही वाया जातात. बेकिंग पावडर चालणार नाही. तीत इतर पदार्थ असतात.

तिसरा, चुन्याची निवळी. हिच्यातून कॅल्शियम आणि अल्कता योग्य प्रमाणातच मिळतात. एक लिटर संपृक्त निवळी शंभर लिटर टाकीची अल्कता सुमारे २०ने वाढवते. पण तिचा सामू १२च्या वर असतो. म्हणून बाष्पीभवनाने घटलेल्या पाण्याऐवजी ती थेंबथेंब सोडावी. बाटली बंद ठेवावी. फुंकर मारल्यावर निवळी दुधाळ होते, तसाच उघड्या निवळीवर पापुद्रा येतो, आणि तेवढा चुना हातचा जातो.

कोणताही मार्ग निवडा, आधी मोजावे, मग घालावे, आणि एका दिवसात फार बदल करू नये.

एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगावी. प्रवाळ टाकीत सुंदर दिसतात, पण पाषाणी प्रवाळांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. मालवणच्या किनाऱ्यावरून त्यांचा मेलेला तुकडाही उचलू नये. चुन्याचा हा सारा हिशेब चार कालवांवरही तितकाच नीट शिकता येतो.