हक्कसोडीची किंमत

सही ही माणसाच्या इच्छेची खूण होय, असे कायदा मानतो. ती इच्छा कितपत मोकळी होती, याची चौकशी मात्र क्वचितच होते. नोकरी सुटताना एकरकमी पैसे घेऊन ‘यापुढे माझा मालकावर कोणताही दावा राहिला नाही’ असे लिहून देणारा कामगार आणि बुडणाऱ्या शेताच्या बदल्यात रोकड घेऊन जमिनीवरचा हक्क सोडणारा शेतकरी, हे वस्तुतः एकाच पंक्तीचे. दोघांनाही पैशांची निकड असते आणि समोरच्याला वाट पाहणे परवडते.

या व्यवहाराची किंमत नर्मदेच्या खोऱ्यात आकड्यांनी मोजली गेली आहे. पवारांच्या धारचे नाव मराठी वाचकास परके नाही. त्याच धार जिल्ह्यातील निसरपूर हे बाजारपेठेचे गाव. २०१९ च्या सप्टेंबरात सरदार सरोवर १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले, तेव्हा ते पाण्याखाली गेले. नर्मदा जलविवाद लवादाचा १९७९ चा निवाडा असा होता की, चौथ्या हिश्श्याहून अधिक जमीन गमावणाऱ्या कुटुंबास किमान दोन हेक्टर जमीन मिळावी. मध्य प्रदेश शासनाने मात्र ‘विशेष पुनर्वसन पॅकेज’ पुढे करून जमिनीऐवजी दोन हप्त्यांत रोकड देऊ केली. दुसऱ्या हप्त्यासाठी जमीनखरेदीचे कागद दाखवावे लागत. तेथे दलालांचे फावले आणि खोट्या खरेदीखतांचा एवढा सुकाळ झाला की, २००८ साली तेथील उच्च न्यायालयाला निवृत्त न्यायमूर्ती एस. एस. झा यांचा चौकशी आयोग नेमावा लागला.

८ फेब्रुवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नावर आदेश दिला. खोऱ्यातील ज्या ६८१ कुटुंबांनी रोख मोबदला स्वीकारला नव्हता, त्यांना अंतिम भरपाई म्हणून प्रत्येकी ६० लाख रुपये ठरले. त्यासाठीही ३१ जुलै २०१७ पूर्वी घर सोडण्याची हमी लिहून द्यावयाची होती. रोकड घेऊन खोट्या खरेदीत फसलेल्या १३५८ कुटुंबांना १५ लाख, आणि तेही आधी मिळालेली रक्कम वजा करून. एकाच नदीकाठचे, एकाच पाण्याने उठविलेले हे शेतकरी. पण थांबलेला आणि सही करून फसलेला यांच्यात निदान ४५ लाखांचे अंतर पडले. अर्थात थांबणे ज्याला परवडते तोच थांबतो. आणि ज्याच्या नावावर जमीनच नव्हती त्या शेतमजुराला यांतला एकही आकडा लागू नव्हता. त्याचा रोजगार बुडाला, पण त्या रोजगाराची भरपाई मागावी असा मालकच त्याला नव्हता.

मालक असलेल्या कामगाराची स्थिती तरी याहून फार बरी आहे काय? मुंबईच्या गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. पुढील वर्षांत एकामागून एक गिरण्या बंद होत गेल्या आणि स्वेच्छानिवृत्तीच्या नावाने असंख्य कामगारांनी हिशेब मिटवून घेतले. यंत्रे थंड पडलेली, वाण्याची उधारी वाढलेली; अशा घरात स्वेच्छेला जागा ती किती असणार? तथापि त्यांचा एक हक्क टिकला. गिरण्यांच्या जमिनीत कामगारांच्या घरांचा वाटा मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत लिहिला गेला होता. म्हणून हिशेब मिटलेल्या कामगारालाही घरासाठी अर्ज करता आला आणि २०१२ साली म्हाडाने ६९२५ घरांची सोडत काढली. सर्वांना घरे मिळालेली नाहीत, हे खरे. परंतु नियमात लिहिलेला हक्क खाजगी पावतीने पुसला गेला नाही, हेही तितकेच खरे.

न्यायालयांनी या बाबतीत दोन्ही बाजू दाखविल्या आहेत. दुर्बळ पक्षावर लादलेली अन्याय्य अट रद्दबातल ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली ब्रोजोनाथ गांगुली खटल्यात सांगितले. परंतु २००३ साली ए. के. बिंदल खटल्यात त्याच न्यायालयाने असाही निर्णय दिला की, स्वेच्छानिवृत्तीचे पैसे घेतल्यावर नोकरीचे नाते संपुष्टात येते व मागील वेतनवाढीचा दावा पुन्हा उकरता येत नाही. म्हणजे दाद मागण्याची खरी वेळ सहीपूर्वीची. आणि नेमक्या त्याच वेळी कामगार सर्वात एकटा असतो.

तडजोडच नको, असे आमचे म्हणणे नाही. धंदा बुडाला तर मालकालाही हिशेब मिटवावा लागतो आणि वर्षानुवर्षे चालणाऱ्या खटल्यापेक्षा हातात पडलेली रक्कम कामगारालाही बरी वाटते. प्रश्न तडजोडीच्या रीतीचा आहे. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने चाळिशीपुढील कामगाराला वयाधारित भेदभावाचा दावा सोडण्यापूर्वी विचारासाठी २१ दिवस आणि सही मागे घेण्यासाठी आणखी ७ दिवस दिले. अनेकांना एकत्र काढले जात असेल तर विचाराची मुदत ४५ दिवसांची. ब्रिटनमध्ये तर कायद्याने दिलेले दावे सोडणारा असा करार, कामगाराने स्वतंत्र सल्लागाराचे मत घेतल्याखेरीज, सहसा टिकत नाही.

आपल्याकडे २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. छाटणीसाठी सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन हा जुना दर तिनेही राखला. राज्य सरकारने याच धर्तीवर आणखी एक पाऊल टाकावे. कायद्याने देय असलेली रक्कम आणि हक्क सोडण्याबद्दलची जादा रक्कम यांचा हिशेब वेगवेगळा व कामगाराच्या भाषेत द्यावा; पहिली रक्कम सहीची अट न घालता हाती पडावी; दुसरीसाठी किमान तीन आठवड्यांची मुदत असावी आणि कागदावर कामगार अधिकाऱ्यासमक्ष सही व्हावी. यात मालकाचे काहीच बुडत नाही. प्रामाणिकपणे ठरलेला सौदा तीन आठवड्यांनीही तितकाच प्रामाणिक राहील; आणि जो सौदा तेवढा विलंब सोसू शकत नाही, त्यावर कामगाराची सही घेण्याचा अधिकार कोणालाही असता कामा नये.