खिडकीत टांगलेली निळी

वहीच्या पहिल्या पानावर माझंच अक्षर आहे. पुणे, फेब्रुवारी २०११. ‘रॉयल ब्ल्यू. प्रवाह उत्तम, छटा सुरेख, कागदाच्या पाठीला उतरत नाही. दहापैकी नऊ.’ त्याच शाईनं पाच महिन्यांनी बनारसमध्ये एक जाड कागदाची पट्टी लिहून काढली, अर्ध्या भागावर काळा कागद डकवला आणि खोलीच्या खिडकीत दोऱ्यानं टांगली. ती पट्टी २०२४ च्या मेमध्ये खोली सोडताना उतरवली. उघड्या भागावर काय लिहिलं होतं ते मला ठाऊक होतं, म्हणूनच वाचता आलं.

शाया तपासण्याचा हा नाद तेरा वर्षं टिकला. वह्या सात झाल्या. मागे वळून पाहताना जाणवतं की यातली पहिली दोन वर्षं मी शाई तपासतच नव्हतो, शाईच्या प्रेमात पडत होतो. बाटली उघडायची, निब बुडवायची, ओल्या रेघेकडे बघून गुण द्यायचे. ओली असताना कोणती शाई वाईट दिसते?

इंग्रजीत शायांची परीक्षा करणारे एक ठरावीक वाक्य लिहितात, ज्यात रोमन लिपीची सगळी अक्षरं येतात. सुरुवातीला मीही तेच करायचो. मग कळलं की देवनागरीची दुखणी वेगळी आहेत. आपण आधी शब्द लिहितो आणि मग त्याच्या डोक्यावरून शिरोरेघ ओढतो, म्हणजे निब पुन्हा ओल्या अक्षरांवरून फिरते. शाई सुकायला वेळ घेत असेल तर रेघ प्रत्येक उभ्या कान्यातून थोडी थोडी शाई ओढत नेते. काना आणि शिरोरेघ मिळतात तिथं शाई साठून गडद गाठ पडते. चांगल्या निळ्यात ही गाठ देखणी दिसते, वाईट निळ्यात डाग वाटते. आणि शाई कागदावर फुटली की ज्ञ, क्ष, ध यांची पोटं भरून जातात. माझी परीक्षेची ओळ त्यावरूनच ठरली: ‘ज्ञान, क्षमा, श्रद्धा, खळखळ.’ पुढे वह्यांमध्ये ‘ळ बुजला’ हा शेरा इतक्यांदा आला आहे की त्याचा एक शिक्काच करून घ्यायला हवा होता.

बनारसची खोली ब्रह्मा घाटाच्या वरच्या गल्लीत होती. दुर्गा घाट, पंचगंगा, ब्रह्मा घाट हा पेशवाईपासून मराठी घरांचा मोहल्ला. मालकीणबाई, आम्हा सगळ्यांच्या काकू, तीन पिढ्यांच्या काशीकर. मराठी आपली, पण क्रियापदं अधूनमधून हिंदीत उतरायची. वहीत आकडे मांडताना त्यांनी मला एकदा पाहिलं.

‘काय लिहितोस रे एवढं?’

‘शाईला गुण देतोय, काकू.’

‘नाथांनी भागवत इथंच पुरं केलं. त्यांनी दिले होते का गुण?’

एकनाथी भागवत काशीत पूर्ण झालं ते शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली. त्या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

बनारसनं पहिला फटका दिला तो ऑगस्टमध्ये. पुण्याची नऊ गुणांची शाई, तोच पेन, तीच वही. पण हवा अशी ओली, की कागद हाताला पापडासारखा मऊ लागायचा. ओळ लिहिली आणि प्रत्येक अक्षराला केस फुटले. ळ बुजला, ज्ञ बुजला, पाठीमागं ठिपके उतरले. गुण पाच. जानेवारीत धुकं आठ-आठ दिवस हटत नाही. तेव्हा तीच ओळ सुकायला मी अठ्ठावीस आकडे मोजले, आणि बोट फिरवल्यावर शिरोरेघ तरी पुसटलीच. मेमध्ये उलटं. लू वाहत असताना चार आकड्यांत ओळ कोरडी. पण वाक्य सुचायला थांबलो की निब सुकायची, आणि पुन्हा चालू झाली की पहिली दोन अक्षरं जवळजवळ जांभळी उमटायची, कारण पाणी उडून रंग दाट झालेला. एकाच शाईला एका वर्षात पाच, सात आणि आठ असे गुण पडले. नऊ पुन्हा कधीच नाही. त्यानंतर नोंदीत तारखेच्या शेजारी हवा लिहायला लागलो. ते आधीच करायला हवं होतं.

वाफ होऊन दाटलेल्या शाईत थोडं पाणी घालावं लागतं, तेही डिस्टिल्ड. काकूंचं म्हणणं, घरात कळशीभर गंगाजल असताना दुकानातून पाणी कशाला आणायचं? एका बाटलीत घातलं. तीन आठवड्यांत तळाशी बुरशीचे धागे. शाईला बुरशी लागू नये म्हणून कारखान्यात फिनॉलसारखं द्रव्य घालतात. वरून पाणी ओतलं की ते पातळ होतं आणि पाण्यातल्या जिवांना मोकळं रान मिळतं. काकूंच्या मते नासली ती शाई, पाणी नव्हे.

पण खरी प्रयोगशाळा त्यांच्या पानाच्या डब्यात होती. एकदा चुन्याचं बोट माझ्या उघड्या पानावर टेकलं. तासाभरानं त्या जागी निळं उरलं नव्हतं, फिकट तपकिरी ठसा होता. रॉयल ब्ल्यूत बहुधा ट्रायअरिलमिथेन जातीचे रंग असतात, आणि चुन्यासारख्या तीव्र अल्कलीत त्यांचा रंगच मोडतो. मग मी मुद्दाम दुसरी ओळ लिहिली, जुन्या पद्धतीच्या निळ्या-काळ्या शाईनं, आणि तिच्यावर काताचं पाणी सोडलं. ती ओळ पुसट झाली नाही, उलट तिच्याभोवती काळपट हिरवी कड आली. कातात टॅनिन, शाईत लोह. हिरडा आणि हिराकस कालवून शाई करण्याची आपली जुनी रीत आहे, तिच्यातही हेच घडतं. युरोपात हिरड्याच्या जागी मायफळ, इतकाच फरक. निळ्या-काळ्या शाईनं लिहिताना जी निळी दिसते ती तात्पुरती, वरून घातलेल्या रंगाची. लोह हवा खाऊन काळं पडत जातं आणि तो काळा कागदाच्या तंतूंत बसतो. म्हणून नाव ब्लू-ब्लॅक, आणि म्हणून दस्त-नोंदणीला ती. भारतीय मानकांत हिचा क्रमांक आयएस २२०, लोहाचं प्रमाण ०.१ टक्का. नुसत्या रंगाच्या शायांसाठी वेगळं मानक आहे, आयएस १२२१. एकाच दुकानात एकाच फळीवर शेजारी शेजारी ठेवल्या तरी या दोन जाती मुळातच निराळ्या. मी मात्र त्यांना दोन वर्षं एकाच मापानं मोजत होतो, आणि ब्लू-ब्लॅकला दर वेळी ‘निस्तेज’ म्हणून सहा गुण देत होतो.

देशी शायांचा इतिहास वाचला तो याच काळात. १९३१ साली पार्करची क्विंक बाजारात आली. त्याच साली गिरगावात दिगंबर परशुराम आणि गोविंद परशुराम दांडेकर या भावांनी ‘हॉर्स ब्रँड’ची शाईची पूड आणि वड्या करायला सुरुवात केली. पुढे कॅमल शाई आली आणि कॅमल-इंक मिळून कॅमलिन झालं. १९३४ मध्ये बंगालात मैत्र बंधूंची सुलेखा. स्वदेशीच्या लाटेत हवी होती ती परदेशी बाटलीला पर्याय असलेली निळी. छटेचं कौतुक करायला सवड कुणाला होती? ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला सुलेखाचा कारखाना बंद पडला. शाईच्या पेनांसाठी तिच्या बाटल्या २०२० मध्ये, टाळेबंदीच्या वर्षात, पुन्हा निघाल्या. कुरिअरनं आलेला तो खोका मी दोन दिवस दारातच ठेवला होता, विषाणूच्या भीतीनं. त्या वेळचे गुण मी आता मोजत नाही. ज्या वर्षी घराबाहेर पडता येत नव्हतं, त्या वर्षी मी सगळ्यालाच आठ दिले आहेत.

पाण्याच्या परीक्षेचं सांगायचं राहिलं. रीत अशी, की सुकलेल्या ओळीवर एक थेंब टाकायचा, मिनिटभर थांबायचं, टीपकागदानं उचलायचा. अशा थेंबांच्या नोंदींनी दोन वह्या भरल्या. २०१६ च्या ऑगस्टमध्ये गंगेनं ७१.२६ मीटरची धोक्याची पातळी ओलांडली आणि घराच्या सगळ्यात खालच्या खोलीत पाणी आलं. तिथल्या पत्र्याच्या ट्रंकेत माझ्या पहिल्या तीन वह्या आणि काकूंची जुनी कागदपत्रं होती. पाणी ओसरल्यावर गच्चीवर पानं वाळत घातली. पहिल्या वहीचं सुरुवातीचं पान पुठ्ठ्याला चिकटून राहिलं म्हणून वाचलं. बाकी रॉयल ब्ल्यू, हिरवी, जांभळी, सगळ्यांचा मिळून एक आकाशी ढग झाला होता. त्यात ब्लू-ब्लॅकच्या ओळी मात्र ठसठशीत, काळ्या, जणू कुणी आत्ताच लिहून गेलंय. मी काकूंना उत्साहानं बोलावलं. त्यांनी त्यांच्या गठ्ठ्यातून एक वही काढून माझ्यासमोर धरली: १९९४ सालचा दूधवाल्याचा हिशेब, शिसपेन्सिलीनं लिहिलेला, अक्षर न् अक्षर शाबूत.

‘हिला किती देशील?’

ग्राफाइट पाण्यात विरघळत नाही आणि उन्हात उडत नाही. काजळीचंही तसंच, तीही शेवटी कार्बनच. याच शहरात संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालयाच्या सरस्वती भवनात लाखाच्या वर हस्तलिखितं आहेत. काजळीच्या शाईनं लिहिलेली जुनी पोथी पाहिली की आपल्या निळ्याची लाज वाटते. पण ती शाई टाकाची आणि बोरूची. मी एकदा काजळी आणि बाभळीचा डिंक घोटून ती शाईच्या पेनात भरून पाहिली. निबेखालची जीभ अशी चोंदली की पेन टाकून द्यावा लागला. त्याचीही नोंद आहे: ‘गुण नाहीत. मूर्खपणा.’

आता ती पट्टी. इथं नदी उत्तरेकडे वाहते आणि गाव पश्चिम काठावर वसलंय, त्यामुळे समोरच्या वाळूवरून उगवलेला सूर्य सरळ खिडकीत येतो, मध्ये झाड नाही की घर नाही. तेरा वर्षांचं ते सकाळचं ऊन. काळा कागद सोलल्यावर खालची निळी पुण्यातल्या पानाइतकी ताजी निघाली. उघडा भाग पिवळट, त्यावर राखाडी सावलीसारखं काहीतरी. दोहोंमधली कड पट्टीनं आखल्यासारखी सरळ. शेजारीच टांगलेली ब्लू-ब्लॅकची पट्टी तपकिरीकडे झुकली होती, पण चष्मा न लावता वाचता येत होती. वहीत जुन्या गुणांवर काट मारून नवे लिहिले: ब्लू-ब्लॅक नऊ. रॉयल ब्ल्यूपुढं आकडा लिहिणार, तेवढ्यात काकू दारात आल्या. पुण्याला भाचीकडे पत्र पाठवायचं होतं, पेन भरून हवा होता. मी ब्लू-ब्लॅकची बाटली उघडली.

‘ती काळी नको बाबा. गेल्या वेळी पदराला लागली ती अजून गेली नाही. ती निळी दे. धुतली की जाते.’

मी निळी भरून दिली. संध्याकाळी निरोप घ्यायला खाली गेलो तेव्हा पत्र पाकिटात गेलं होतं, काकूंच्या पदराची कड ओली होती आणि तिथं डाग नव्हता. रॉयल ब्ल्यूपुढची जागा वहीत अजून मोकळी आहे.